घरगुती कलरीमीटर (द्रावणाचा रंग किती गडद आहे ते मोजायचं यंत्र) बनवतोय, बोअरच्या पाण्यातलं लोह मोजायला. रीडिंग दरवेळी वेगळं येतंय, कुठे चुकतंय?

जांभ्यातलं_पाणी:

नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आमच्याकडे सगळा जांभा दगड, आणि बऱ्याच बोअरचं पाणी काढताना काचेसारखं स्वच्छ दिसतं पण कळशीत तासभर ठेवलं की पिवळट होतं, रात्रभर ठेवलं तर तळाला तांबूस गाळ, पांढरे कपडे पिवळे पडतात, त्या पाण्याचा चहा काळपट होतो. नववीच्या मुलांनी विचारलं सर ह्यात लोखंड किती आहे हे आपल्याला मोजता येईल का, आणि मला तो प्रश्न इतका आवडला की मी हो म्हणून बसलो.

आत्तापर्यंत काय केलंय ते सांगतो. बुटाच्या खोक्याला आतून काळा कागद लावला, एका बाजूला पांढरा एलईडी, समोर एलडीआर (उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा छोटा सेन्सर), मध्ये टेस्टट्यूब उभी करायला थर्माकोलचा तुकडा. एलडीआर मल्टिमीटरला जोडून रेझिस्टन्स वाचतो. ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमधून अमोनियम थायोसायनेट मिळालं, पाण्यात दोन थेंब नायट्रिक ॲसिड आणि मग थायोसायनेट टाकलं की छान लाल रंग येतो. इथपर्यंत सगळं बरोबर वाटतं.

अडचणी अशा की तीच ट्यूब बाहेर काढून परत ठेवली तर एकदा ४.१ किलोओहम, एकदा ४.९. दहा मिनिटं तशीच ठेवली तर रीडिंग आपोआप सरकत राहतं. आणि तिसरी गोष्ट जी मला अजिबात कळत नाहीये, मुलांनी रविवारी संध्याकाळी घरून पाणी भरलं, सोमवारी शाळेत आणलं, तर ज्या बोअरचे डाग सगळ्यात वाईट त्याच्याच पाण्याला रंग सगळ्यात फिका आला! आणि जिथे तक्रार नाही तिथलं त्याहून लाल. मुलं म्हणतात सर मीटर खोटा आहे. मला तसं वाटत नाही पण उत्तर पण देता येत नाही.

शाळेत एक अर्डुइनो (सेन्सर जोडून प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) पडून आहे. वरचा खर्च पाचशे-सहाशेपर्यंत करू शकतो. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

सोल्डर_आणि_चहा:

सर, एक नंबर काम करताय, पहिल्यांदा ते सांगतो. मी केमिस्ट्रीतला नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, पण पुतणीच्या प्रोजेक्टसाठी असाच डबा केला होता त्यामुळे पहिल्या दोन अडचणींबद्दल बोलू शकतो. तिसरी केमिस्ट्रीवाल्यांसाठी सोडतो.

सगळ्यात आधी पांढरा एलईडी काढा. तुमचं पाणी लाल दिसतं म्हणजे ते निळा-हिरवा प्रकाश खातंय आणि लाल सोडून देतंय, बरोबर? आता पांढऱ्या एलईडीतला लाल-पिवळा भाग त्या पाण्यातून काहीही न होता आरपार जातो आणि एलडीआरला तोही दिसतो, म्हणजे जो प्रकाश मोजायचाच नाही त्याचा ढीग आणि जो मोजायचाय तो त्या ढिगाखाली. जो रंग द्रावण खातं त्याच रंगाचा दिवा पाहिजे. थायोसायनेटच्या लालला निळा, साधारण ४७० नॅनोमीटर. जांभळं परमँगनेट असेल तर हिरवा. निळं द्रावण असेल तर लाल.

एलडीआर टाकाऊ नाही पण स्वभाव समजून घ्यावा लागतो. एक तर त्याचा रेझिस्टन्स प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, घातांकाने बदलतो, म्हणून थेट किलोओहमचा ग्राफ काढला तर वाकडा येणारच, रेझिस्टन्सचा लॉग घेतला तर बराच सरळ होतो. दुसरं म्हणजे तो आधी किती उजेडात होता हे लक्षात ठेवतो, झाकण उघडून खोलीतला उजेड आत गेला की पुढची काही मिनिटं तो स्थिरावतच राहतो. तुमचं रीडिंग सरकतं त्यात ह्याचा वाटा नक्की आहे. शाळेत अर्डुइनो आहे तर बीएच१७५० नावाचा लक्स सेन्सर लावा, छोटी पट्टी असते, चार वायरी जोडायच्या, आकडा थेट लक्समध्ये, म्हणजे उजेडाच्या एककात, येतो आणि तो प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ कुठल्याही दुकानात मिळेल, ऑनलाईनही मिळतो. एक मर्यादा सांगून ठेवतो, त्याची नजर माणसाच्या डोळ्यासारखी आहे म्हणजे हिरव्याला तेज, गडद निळ्याला आणि लालला मंद. हिरव्यावर काम करता आलं तर सोन्याहून पिवळं.

मग एलईडीचा करंट. सेलवर चालवत असाल तर सेल उतरेल तसा दिवा मंद होत जातो आणि तुम्हाला वाटतं पाण्यात काहीतरी बदललं. अर्डुइनोच्या ५ व्होल्टवरून ३३० ओहम लावून चालवा, लावल्यावर पाच मिनिटं तसाच तापू द्या, मग मोजायला घ्या.

आता ४.१ आणि ४.९ चं. गोल ट्यूब पाण्याने भरली की भिंगासारखी वागते, प्रकाश एका रेषेत गोळा करते, ती जराशी सरकली किंवा फिरली की ती रेषा सेन्सरच्या बाजूला पडते. थर्माकोल चालणार नाही. मी नळाच्या कामाची टी वापरली होती, आडव्या दोन तोंडांत एका बाजूला एलईडी दुसऱ्या बाजूला सेन्सर, आणि वरच्या तोंडातून ट्यूब खाली, टेपचे वेढे देऊन एकदम घट्ट बसेल अशी. पांढऱ्या पीव्हीसीतून उजेड आत येतो बरं का, टॉर्च लावून बघा, त्यामुळे बाहेरून काळा रंग आणि वर काळी टेप. ट्यूबच्या गळ्याला मार्करने एक रेघ मारा आणि ती रेघ कायम एलईडीकडे. सगळ्या मोजण्यांना एकच ट्यूब, बाहेरून मऊ कापडाने पुसून, बोटांचे ठसे पण रीडिंग हलवतात. आणि शून्य घेताना रिकामी ट्यूब कधीच ठेवू नका, पाणी भरलेलीच, कारण रिकाम्या ट्यूबचं भिंग वेगळं.

उजेडाची गळती किती नडते त्याचा हिशोब सांगतो. समजा गडद द्रावणातून १ टक्काच प्रकाश पार व्हायला हवा, म्हणजे ॲबसॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश खातं त्याचा लॉगमधला आकडा) २. झाकणाच्या फटीतून आणखी १ टक्का आत आला तर मीटर १.७ दाखवेल. फिक्या द्रावणाला हा फरक कळणारही नाही, गडद झालं की ग्राफ वाकायला लागतो आणि आपण केमिकलला दोष देतो. एलईडी बंद करून जे रीडिंग येतं ते लिहून ठेवा, शून्य आलं पाहिजे, नाही आलं तर साध्या पाण्याच्या आणि नमुन्याच्या दोन्ही रीडिंगमधून वजा करा.

केमिकलला हात लावायच्या आधी एक चाचणी करा. किराणा दुकानातला लाल खायचा रंग पाण्यात घालून ट्यूब भरा, दहा वेळा काढा, दहा वेळा ठेवा, हिरव्या एलईडीवर. दहाही आकडे एकमेकांच्या एका टक्क्यात आले नाहीत तर पुढे जाऊच नका.

अनामिक_वाचक:

एवढं कशाला, मोबाईलने फोटो काढून रंगाचा कोड बघा की. ॲप असतात.

सोल्डर_आणि_चहा:

फोटोने नको. कॅमेरा स्वतःहून एक्स्पोजर आणि व्हाईट बॅलन्स बदलतो, प्रत्येक फोटोत वेगळा, शिवाय फोटोतला आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. पण मोबाईलचा वेगळा उपयोग आहे, अँड्रॉइडच्या वरच्या बाजूला ब्राइटनेस ॲडजस्ट करायला लाईट सेन्सर असतो, फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, त्यात तो थेट लक्समध्ये वाचता येतो. सेन्सरवर काळी नळी, वर ट्यूब, त्यावर एलईडी. आयफोनवर मात्र हा सेन्सर ॲपला मिळत नाही. अर्डुइनो नसलेल्या शाळेसाठी चांगला पर्याय आहे.

ब्युरेट_आणि_मी:

सर, मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काम करून निवृत्त झाले. तुमची तिसरी अडचण वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण आमच्याकडे नवीन आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या महिन्यात ह्याच ठिकाणी अडकायची.

तुमचा मीटर खोटा नाही. तुमचं लोखंड बाटलीच्या तळाशी बसलंय.

खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे लोह फेरस रूपात विरघळलेलं असतं, रंगहीन, म्हणून पाणी काढताना स्वच्छ दिसतं. वर आलं, हवा लागली की फेरसचं फेरिक होतं आणि फेरिक साध्या पाण्यात विरघळलेलं राहू शकत नाही, त्याचा तांबूस गाळ होऊन खाली बसतो. तुम्ही कळशीत जे बघता तेच मुलांच्या बाटलीत रविवारी रात्री झालं. सोमवारी त्यांनी वरचं निवळलेलं पाणी ट्यूबमध्ये ओतलं. आणि हे बघा, जिथे लोह जास्त तिथे गाळ जास्त आणि तो चांगला जड होऊन लवकर बसतो, त्यामुळे सगळ्यात वाईट बोअरचं वरचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसू शकतं. दोन थेंब ॲसिडने थंड पाण्यातला जुना गाळ विरघळत नाही.

उपाय एकच, पाणी घेतानाच ॲसिड. १०० मिलीच्या स्वच्छ प्लॅस्टिक बाटलीत आधीच १ मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड, अर्धं पाणी अर्धं ॲसिड असं पातळ केलेलं, टाकून ठेवायचं. पंप पाच-दहा मिनिटं चालू द्यायचा म्हणजे पाइपातलं शिळं पाणी निघून जातं, मग बाटली भरायची, झाकण, हलवायची. गाळ होतच नाही. पण हे तुम्ही स्वतः जाऊन करा, ॲसिडची बाटली मुलांबरोबर घरी पाठवू नका. मुलं सोबत आली, नोंदी त्यांनी केल्या, तर उलट चांगलं.

आता रंगाबद्दल. थायोसायनेटचा लाल रंग सुंदर असतो पण टिकत नाही, उभ्या उभ्या फिका होतो, तुमचं रीडिंग सरकतं त्याचं दुसरं कारण हे. थायोसायनेट किती घातलं ह्यावरही त्याचा गडदपणा बदलतो. जमलं तर ऑर्थो फेनान्थ्रोलिन मिळवा, फार थोडं लागतं, ५ ग्रॅमची बाटली शाळेला कित्येक वर्षं पुरेल. ते फेरसबरोबर नारिंगी लाल रंग देतं आणि तो रंग दिवसेंदिवस हलत नाही. त्याचं शोषण ५१० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त, म्हणजे सोल्डर दादांचा हिरवा एलईडी आणि तो लक्स सेन्सर दोन्ही त्याला जुळतात. लिटरला १ मिलीग्रॅम लोह असेल तर १ सेंटिमीटर जाडीला साधारण ०.२ ॲबसॉर्बन्स येतो आणि भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या लोहाची मर्यादा पण लिटरला १ मिलीग्रॅमच आहे, त्यामुळे नेमकं जिथे बघायचं तिथेच ही पद्धत चांगली चालते.

जांभ्यातलं_पाणी:

मॅडम, वाचून अंगावर काटा आला. सोमवारच्या बाटल्या अजून कपाटात आहेत, आत्ताच जाऊन बघितल्या, सगळ्यात फिका रंग आलेल्या बाटलीच्या तळाला खरंच सगळ्यात जाड तांबडा थर आहे. मुलांना उद्या हीच बाटली दाखवणार.

दोन शंका. स्टँडर्ड द्रावण, म्हणजे ज्यात लोह किती ते आधीच माहीत असतं ते, कसं बनवू, आमचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच वाचतो. आणि फेनान्थ्रोलिनची कृती जरा उलगडून सांगाल का.

ब्युरेट_आणि_मी:

काटा पुरेसा आहे. बारावीच्या टायट्रेशनला जे मोहर सॉल्ट वापरतात, फेरस अमोनियम सल्फेट, तेच घ्या, हिरवट पांढरे खडे, पिवळे पडलेले असतील तर ती बाटली नको. ०.७० ग्रॅम घेऊन थोड्या पाण्यात थोडं पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालून त्यात विरघळवा आणि १ लिटर करा. हे झालं लिटरला १०० मिलीग्रॅम लोह. त्यातलं २५ मिली घेऊन २५० मिली केलं की १० मिलीग्रॅमचं. त्यातून पुढे ५, १०, २०, ३०, ४० मिली घेऊन प्रत्येकाचं १०० मिली करा, म्हणजे ०.५, १, २, ३ आणि ४. पातळ द्रावणं त्याच दिवशी करायची, साठवायची नाहीत. आणि ह्या प्रत्येकात पण नमुन्याइतकंच हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं, कारण स्टँडर्डला आणि नमुन्याला सगळं सारखं मिळालं तरच तुलना खरी.

पाणी डिस्टिल्ड हवं, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डीमिनरलाइज्ड पाणी चालेल, नवीन सीलबंद बाटली घ्या. विक्रेत्याला नीट सांगा, बॅटरीचं ॲसिड पण तशाच बाटलीत विकतात.

कृती: २५ मिली ॲसिड घातलेला नमुना, त्यात १ टक्का ॲस्कॉर्बिक ॲसिडचं १ मिली, म्हणजे जे काही फेरिक झालं असेल ते परत फेरस होतं. ॲस्कॉर्बिक म्हणजे क जीवनसत्त्वच, पण मेडिकलमधली चघळायची नारिंगी गोळी घेऊ नका, तिचा स्वतःचा रंग असतो, पावडर घ्या आणि द्रावण त्या दिवशीचं ताजं. मग ०.१ टक्का फेनान्थ्रोलिनचं २ मिली, ते थंड पाण्यात पटकन विरघळत नाही, कोमट पाण्यात करा. शेवटी १० टक्के सोडियम ॲसिटेटचं ५ मिली, ह्याने ॲसिडचा जोर कमी होतो आणि रंग उमलतो. दहा मिनिटं थांबून मोजा. ब्लँक म्हणजे डिस्टिल्ड पाण्याला हेच सगळं घालून केलेलं, नुसतं डिस्टिल्ड पाणी नव्हे. आणि नमुना गढूळ किंवा मुळात पिवळट असेल तर त्याच नमुन्याला फेनान्थ्रोलिन सोडून सगळं घालून आणखी एक रीडिंग, ते वजा करायचं.

त्या जुन्या बाटलीचं पण करून बघा. सगळी बाटली गाळासकट हलवून त्यातलं १०० मिली, त्यात तेच १ मिली ॲसिड, काचेच्या भांड्यात गाळ नाहीसा होईपर्यंत गरम करा, उकळी नको, खिडकीजवळ. गार झाल्यावर पाणी घालून परत १०० मिली करा.

सोल्डर_आणि_चहा:

ताई, एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. सर, हिरवा एलईडी घेताना एक काळजी. बाजारात दोन प्रकारचे हिरवे मिळतात आणि दुकानदार दोन्ही ग्रीनच म्हणून देतो. जुना, धुरकट हिरव्या प्लॅस्टिकचा, पोपटी प्रकाशाचा, तो ५७० च्या आसपास असतो, तुमच्या कामाचा नाही. पाहिजे तो पारदर्शक काचेसारखा, लावल्यावर गर्द हिरवा, ५२० ते ५२५ चा. डोळ्याने खात्री होत नसेल तर चालू असताना दोन्ही पायांवर मल्टिमीटर लावा, जुन्यावर २ व्होल्टच्या जवळ दिसेल आणि नव्यावर ३ च्या जवळ.

हिशोब पण लिहून ठेवतो, ब्लँकचे लक्स भागिले नमुन्याचे लक्स, त्याचा १० च्या पायाचा लॉग, तो ॲबसॉर्बन्स. मुलांनी विचारलं लॉग कशाला तर सांगा की पहिल्या सेंटिमीटरने अर्धा प्रकाश खाल्ला तर पुढचा सेंटिमीटर उरलेल्याचा अर्धा खातो, म्हणून लक्सचा आकडा सरळ उतरत नाही, लॉग मात्र सरळ चढतो. जाडीचं हे बूगेरने १७२९ मध्येच बघितलं होतं, लँबर्टने १७६० मध्ये मांडलं, आणि द्रावण किती तीव्र आहे त्यालाही असाच नियम लागतो हे बेअरने १८५२ मध्ये. तुमच्या टीमध्ये तिघंही आहेत.

पांढरकवडा_पाणी:

राम राम. मी यवतमाळ जिल्ह्यातला, शेती करतो, बीएस्सी झालेलो हाय. आमच्या केळापूर, झरी जामणी भागात लोखंड नाही, फ्लोराईडचा प्रश्न हाय, आणि त्याले ना रंग ना वास ना डाग, पोरांच्या दातावर दिसते तेव्हा कळते. मले एवढंच विचारायचं हाय का ह्याच डब्यात फ्लोराईड मोजता येईल का?

ब्युरेट_आणि_मी:

दादा, येतं, पण हे लोहापेक्षा नाजूक आहे. स्पॅड्न्स म्हणून पद्धत आहे. त्यात झिर्कोनियम आणि एका रंगाची जोडी असते, लाल. फ्लोराईड आलं की ते झिर्कोनियमला स्वतःकडे ओढून घेतं आणि लाल रंग फिका पडतो. म्हणजे इथे उलटं, जितकं फ्लोराईड जास्त तितका रंग कमी. मोजायचं ५७० नॅनोमीटरला, ५५० ते ५८० मध्ये कुठेही चालतं.

नाजूक का, तर रंग रिएजंटचाच आहे, ५० मिली नमुन्याला १० मिली रिएजंट घालतात, ते अर्धा मिली इकडे तिकडे झालं तर सगळा निकाल बदलतो. पिपेटच हवी, सिरिंजने किंवा मोजपात्राने नाही. स्टँडर्ड आणि नमुना एकाच तापमानाला. लिटरला १.४ मिलीग्रॅमपर्यंतच ही पद्धत खरी, त्यावर गेलं तर पाणी डिस्टिल्डने दुप्पट करून परत मोजायचं. पाण्यात ॲल्युमिनियम असेल किंवा क्षार फार असतील तर आकडा चुकतो. मानक लिटरला १.० आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, म्हणजे तुम्हाला १ आणि १.५ मधला फरक ओळखायचाय, त्यासाठी हात बसावा लागतो. रिएजंटमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि स्टँडर्डसाठीचं सोडियम फ्लोराईड विषारी, हे शाळेतल्या मुलांचं काम नाही, तुम्ही स्वतः करा, आणि ते द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा. पहिले काही नमुने तुमच्या भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेतून पण करून घ्या, दोन्ही आकडे शेजारी लिहा. डब्याचा आकडा कसाही येवो, लहान मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा निर्णय लॅबच्या आकड्यावरच घ्या.

सोल्डर_आणि_चहा:

आणि दादा, मघाशी मी सरांना जो पोपटी धुरकट एलईडी घेऊ नका म्हणालो ना, ५७० चा, तुम्हाला नेमका तोच पाहिजे. तो मंद असतो पण सेन्सरची नजर तिथेच सगळ्यात तेज आहे, त्यामुळे जमेल.

पांढरकवडा_पाणी:

वा. सांगितलं ते समदं लिहून घेतलं. पिपेटची सोय कॉलेजातून करतो, तिथले सर ओळखीचे हायेत. आमच्या गावात सात बोअर हायेत, पहिले त्यातली कोणती चांगली ते पाहतो.

जांभ्यातलं_पाणी:

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळं झालं आणि तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डबा टीचाच केला, आठवीच्या दोन मुलींनी टेप गुंडाळली. खायच्या रंगावर पहिल्या दिवशी दहा रीडिंग तीन टक्क्यांत येत होती, ट्यूब खालून हलत होती, तळाला सायकलच्या ट्यूबच्या रबराची चकती बसवली आणि एका टक्क्याच्या आत आली. त्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग स्टँडर्ड. ब्लँक ६१२ लक्स. ०.५ ला ४८६, १ ला ३८६, २ ला २४४, ३ ला १५७, ४ ला १०४. लॉग घेतला तर ०.१०, ०.२०, ०.४०, ०.५९, ०.७७. मुलांनी ग्राफ पेपरवर ठिपके दिले आणि पट्टी ठेवली, २ पर्यंत रेषा अगदी सरळ, वर जराशी खाली झुकते. एकजण म्हणाला सर पट्टीने कशाला, ठिपक्यांतून हातानेच रेषा काढू, आणि तेच केलं.

रविवारी मी आणि पाच मुलं त्या डागवाल्या बोअरवर गेलो, पंप दहा मिनिटं चालवून ॲसिडच्या बाटलीत पाणी घेतलं. २०७ लक्स. ग्राफवर २.४ मिलीग्रॅम. मग कपाटातली सोमवारची बाटली, तिचं वरचं निवळलेलं पाणी आधी, ५३३ लक्स, म्हणजे ०.३ फक्त. मग तीच बाटली गाळासकट हलवून ॲसिडमध्ये गरम करून, २.३. वर्गात काही वेळ कोणी बोललंच नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले. ज्या मुलाच्या घरचं ते पाणी होतं त्याने फळ्यावर दोन्ही आकडे स्वतः लिहिले. शाळेच्या नळाचं पाणी ५७० लक्स, ०.१५ च्या आसपास, मुलांना आनंद झाला.

वरची रेषा झुकते त्याचं कारण काय, गळती का? एलईडी बंद करून शून्यच येतंय.

सोल्डर_आणि_चहा:

मस्तच सर! शून्य येतंय म्हणजे बाहेरची गळती नाही. एलईडी एका रंगाचा दिसतो पण त्याचा पट्टा ३० नॅनोमीटरच्या आसपास रुंद असतो, त्यातला काही भाग द्रावण कमी खातं, गडद होत गेलं की तोच भाग उरतो आणि रेषा झुकते. थोडा प्रकाश काचेच्या भिंतीतून द्रावणाला वळसा घालून पण जातो. हाताने काढलेली रेषा हेच बरोबर उत्तर आहे. ३ च्या वर आलं तर स्टँडर्डसारखंच ॲसिड घातलेल्या डिस्टिल्ड पाण्याने निम्मं करून परत मोजा.

जांभ्यातलं_पाणी:

ठीक, तसंच करतो. उद्या त्याच बोअरचं पाणी जिल्ह्याच्या लॅबला देणार आहे, आपला २.४ कितपत जुळतो ते बघायला. मुलांनी अंदाज लिहून बंद पाकिटात ठेवलेत.

ब्युरेट_आणि_मी:

सर, लॅबला दोन बाटल्या द्या. एक ॲसिड घातलेली, तिच्यावर ठळक लिहा की हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलंय, फक्त लोहासाठी. दुसरी काहीही न घातलेली, काठोकाठ भरलेली, ती पीएच, क्लोराईड आणि बाकीसाठी. नाहीतर ते ॲसिडवाल्या बाटलीतूनच क्लोराईड काढतील आणि तुमच्या बोअरमध्ये समुद्र आलाय असा रिपोर्ट येईल, आणि किनारपट्टीच्या जिल्ह्यात तो कोणालाही खरा वाटेल.